लुनाचा पाना आणि मिस शिलिंगची चकती



इतिहास म्हटलं की आपल्याला किल्ले आणि लढाया आठवतात. माझं बी.ए. इतिहासातच झालंय, त्यामुळं लढायांच्या सनावळ्या मीही पाठ केल्यात. आज सांगणार आहे तो इतिहास मात्र मोटरसायकलीचा आहे, आणि ती आपल्या हातानं उघडणाऱ्या बायकांचा. त्यात एक लढाईसुद्धा येणार आहे, पण ती कार्बोरेटरच्या वाटेनं येईल.

आधी माझी गाडी. २००९ सालची स्प्लेंडर आहे. माझ्याआधी तिला तीन मालक होऊन गेले. चार वर्षांपूर्वी गटातून अंतर्गत कर्ज काढून ती मी २२,००० रुपयांना घेतली. ‘स्कुटी का नाही घेतली?’ असं बऱ्याच जणी विचारतात. सहयोगिनी म्हणून माझ्याकडं ९ गावं आहेत. त्यातल्या ४ वाड्यांना अजून डांबर लागलेलं नाही. मुरमाच्या चढाला बारीक चाकाची गाडी उड्या मारते. शिवाय तेवढ्या पैशात धड चालणारी स्कुटी मिळत नव्हती. व्यवहार झाला तेव्हा दीर म्हणाले, “दादाच्या नावावर करू, एकच आहे की.” मी २९ आणि ३० नंबरचे फॉर्म स्वतः भरले आणि आर.सी. बुकावर माझं नाव लावून घेतलं. घरात दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. असो.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. एका वाडीतल्या गटाच्या कर्जाच्या कागदांवर बँकेत सह्या व्हायच्या होत्या. अध्यक्ष आणि सचिव सकाळच्या एस.टी.नं तालुक्याला पोचल्या. ठरावाचं रजिस्टर माझ्याकडं होतं. ओढ्याच्या अलीकडं गाडी फुरफुरली आणि बंद पडली. खाली बघते तर इंजिनाच्या बाजूनं पेट्रोल टपटप गळतंय. किक मारून मारून पोटरी भरून आली. रस्त्याला चिटपाखरू नाही. दीड तासानं एक टेम्पो आला, त्यातनं गेले, तोवर बँकेचे साहेब दौऱ्यावर निघून गेले होते. पुढची तारीख दोन आठवड्यांनी मिळाली. त्या दोन आठवड्यांत आमच्या गटातल्या एका बाईनं दवाखान्याच्या खर्चासाठी दोन शेळ्या पडत्या भावात विकल्या. ती मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी गॅरेजला दिली. ८५० रुपये झाले. “काय केलंत?” म्हटलं, तर फिटर म्हणाला, “कार्बोरेटरचं काम होतं. तुम्हाला नाय कळायचं ताई.” महिना गेला नाही तर गाडी पुन्हा तशीच गळायला लागली.

मला राग आला तो ८५० रुपयांचा कमी आणि ‘नाय कळायचं’चा जास्त. कारण गाडीचा पाना मी लहानपणापासून बघत आलेय. आमच्या घरी लुना होती.

लुना म्हणजे आपल्या नगर जिल्ह्याची, आता अहिल्यानगर म्हणायचं, घरचीच गाडी. किनेटिक कंपनीनं ती १९७२ मध्ये काढली आणि तिचा कारखाना नगरला होता. पियाजिओ या इटलीच्या कंपनीची ‘चाओ’ नावाची एक हलकी गाडी होती, तिच्यावरून लुना बेतलेली. इंजिन ५० सी.सी.चं, सायकलीसारखी पायडलं, अंगानं किडकिडीत. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायचं. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, एल.आय.सी.चे एजंट असे कितीतरी जण तिच्यावर फिरले. शहरात बायकाही चालवायच्या. खेड्यात बाई लुनावर बसायची ती बहुतेक मागं, एका बाजूला पाय टाकून.

लुनाचं इंजिन टू-स्ट्रोक. त्या इंजिनात पेट्रोलमध्येच ऑईल मिसळावं लागतं आणि पेट्रोलबरोबर तेही जळतं. ऑईल जरा जास्त झालं की प्लगच्या टोकाला काजळी धरते, ठिणगी पडत नाही, गाडी रुसते. म्हणून लुनावाल्याच्या पिशवीत दोन वस्तू असायच्याच: प्लग पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा. माझे वडील रस्त्याच्या कडेला बसून पाच मिनिटांत प्लग काढायचे, घासायचे, फुंकर मारून परत बसवायचे. त्यासाठी त्यांना कुणी कोर्स दिला नव्हता.

आई शेजारी उभी राहून बॅटरी धरायची. पंधरा वर्षं तिनं बॅटरी धरली. गाडीचा आवाज बदलला की ती चुलीपुढनंच सांगायची, “अवं, प्लग धरलाय वाटतं.” आणि तसंच निघायचं. पण पाना तिनं कधी हातात घेतला नाही. कुणी मनाई केली होती असंही नाही. गाडी वडिलांची, पाना वडिलांचा, बॅटरी आईची, असं ठरूनच गेलं होतं.

मग चार-स्ट्रोकचं युग आलं. १९८४ मध्ये हिरो सायकलवाले आणि जपानची होंडा यांनी मिळून हिरो होंडा कंपनी स्थापन केली. १९८५ मध्ये हरियाणातल्या धारुहेड्याच्या कारखान्यातून त्यांची सी.डी. १०० बाहेर पडली. १९९४ ला स्प्लेंडर आली. ऑईल पेट्रोलमध्ये मिसळायची कटकट गेली, काजळी कमी झाली, आणि पेट्रोल तर नुसतं हुंगून चालते म्हणायचे लोक. कंपनीची जाहिरात गाजली. तिचा अर्थ असा होता, की पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा. जाहिरातीत खोटं काही नव्हतं, गाडी खरंच तशी होती. पण विसरून जा म्हटल्यावर माणूस विसरतोच. ज्यांच्या वडिलांना प्लग काढता येत होता, त्या पोरांना आता प्लग कुठं असतो ते बघायला खाली वाकावं लागत नव्हतं.

मजा अशी, की त्याच कंपनीनं गाडीबरोबर हत्यारांची छोटी पिशवी दिलेली असायची. प्लग पाना, स्क्रू ड्रायव्हर, एकदोन पाने. म्हणजे मालकानं थोडंफार स्वतः करावं असं गाडी बनवणाऱ्यालाही वाटत होतं. जुनी गाडी घेताना बघा, ती पिशवी जवळजवळ कधीच जाग्यावर नसते. माझ्या गाडीत तिच्या खणात एक जुनं लॉटरीचं तिकीट निघालं.

गाडी विसरून चालत नाही हे कळतं ते तिसऱ्या-चौथ्या मालकाला. आणि तिसरा-चौथा मालक म्हणजे आपण.

दुसऱ्यांदा गाडी गळाली तेव्हा मी एस.टी. स्टँडमागच्या एका म्हाताऱ्या फिटरकडं गेले. त्यांनी एकच विचारलं, “ताई, गाडी ठेवून जाताय का बघताय?” मी म्हटलं, “बघते.” त्यांनी एक डबा उलटा करून बसायला दिला. आधी पेट्रोलचा कॉक बंद केला, समोरच्या माणसाला बिडी विझवायला लावली, आणि मग कार्बोरेटरच्या खालची वाटी उघडून माझ्या तळहातावर ठेवली. त्यात पेट्रोल होतं आणि तळाला लालसर गाळ.

मैत्रिणींनो, कार्बोरेटर म्हणजे काय ते तुम्हाला लगेच कळेल, कारण तुमच्या दारात पाण्याचा हौद आहे. हौदाला फ्लोट असतो, तो प्लॅस्टिकचा गोळा. पाणी वर आलं की गोळा वर येतो आणि नळ बंद करतो. कार्बोरेटरच्या त्या वाटीत अगदी तसंच असतं. छोटा फ्लोट, आणि त्याला टेकून एक बारीक सुई. पेट्रोल पुरेसं झालं की फ्लोट सुई वर ढकलतो, भोक बंद. आता त्या भोकात गंजाचा एखादा कण अडकला तर? सुई नीट बसत नाही, पेट्रोल येतच राहतं, बाहेर गळतं, इंजिन बुडतं. माझ्या गाडीची टाकी जुनी, आतून गंजलेली. फिटर नवीन किट टाकायचा, टाकीतला गंज पुन्हा खाली यायचा. ८५० रुपयांचं काम करून मूळ दुखणं वर टाकीतच ठेवलेलं.

आजोबांनी टाकी धुतली, कॉकची जाळी साफ केली, सुई पुसली. रस्त्यात पुन्हा असं झालं तर काय करायचं तेही दाखवलं: कॉक बंद करायचा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं वाटीवर हलके टकटक मारायचं. बरेचदा कण सुटतो आणि सुई बसते. त्या दिवशी ओढ्यावर मला एवढंच माहीत असायला हवं होतं. एवढंच.

कार्बोरेटर कसा साफ करतात ते त्यानंतर मी रात्री मोबाइलवर बघायला लागले, आणि बघता बघता एका इंग्लंडच्या बाईपाशी येऊन पोचले. मग तिच्याबद्दल मिळेल ते वाचलं.

तिचं नाव बिअट्रिस शिलिंग. जन्म १९०९ सालचा, तारीख ८ मार्च. हो, आपल्याच महिला दिनाची. वडील खाटीक. चौदाव्या वर्षी तिनं स्वतःची मोटरसायकल घेतली, रॉयल एनफिल्ड. (तीच कंपनी, जिची बुलेट पुढं १९५५ पासून मद्रासला बनायला लागली.) तिला नुसती चालवायची नव्हती, खोलून बघायची होती. शाळा झाल्यावर मार्गारेट पार्ट्रिज नावाच्या बाईच्या वीज कंपनीत तिनं घरोघर वायरिंगची कामं केली. पार्ट्रिजबाईंनीच तिला पुढं शिकायला लावलं. मँचेस्टरच्या विद्यापीठात ती इंजिनिअर झाली. १९३४ मध्ये ब्रुकलँड्सच्या रेसट्रॅकवर तिनं नॉर्टन मोटरसायकलीवर ताशी १०६ मैलांनी, म्हणजे १७० किलोमीटरच्या वेगानं फेरी मारली आणि सुवर्णतारा मिळवला. १९३६ मध्ये ती फार्नबरोच्या सरकारी विमान-संशोधन संस्थेत लागली.

आता लढाई. १९४० मध्ये जर्मनीची विमानं इंग्लंडवर चालून आली. इंग्रजांची स्पिटफायर आणि हरिकेन ही लढाऊ विमानं. दोघांनाही मर्लिन नावाचं एकच इंजिन, आणि त्या इंजिनाला फ्लोटचा कार्बोरेटर. तुमच्या-माझ्या गाडीचा थोरला भाऊ म्हणा. जर्मन विमानांत पेट्रोल पंपानं थेट इंजिनात सोडलं जायचं, तिथं फ्लोटच नव्हता. जर्मन वैमानिक काय करायचा, संकट दिसलं की विमानाचं नाक एकदम खाली करून सूर मारायचा. इंग्रज वैमानिकानं तसाच सूर मारला की त्याचं इंजिन फुरफुरायचं आणि शक्ती जायची.

असं का व्हायचं? एस.टी. पुलाच्या उंचवट्यावरून झपकन खाली आली की पोटात कसं गोळा आल्यासारखं होतं, तसं त्या सुरात विमानातल्या प्रत्येक वस्तूचं व्हायचं. वाटीतलं पेट्रोलही वर उसळायचं. आधी इंजिनाला पेट्रोल मिळायचंच नाही. मग फ्लोट भलत्या जागी जाऊन पेट्रोलचं भोक सताड उघडं राहायचं आणि पेट्रोलचा लोंढा येऊन इंजिन बुडायचं. माझी गाडी ओढ्यावर बुडाली तशीच. फरक इतकाच, की माझी बँकेची तारीख चुकली आणि त्यांच्या मागं बंदूक होती. तोवर वैमानिकांनी युक्ती काढली होती, आधी विमान उलटं करायचं आणि मगच खाली सूर मारायचा. पण तेवढ्या वेळात शत्रू लांब गेलेला असायचा.

शिलिंगबाईंनी हिशोब मांडला. पूर्ण ताकदीनं चालताना इंजिनाला जास्तीत जास्त किती पेट्रोल लागतं? तेवढंच जाईल, थेंबभरही जास्त जाणार नाही, एवढ्या मापाचं भोक पाडलेला पितळेचा छोटा तुकडा त्यांनी पेट्रोलच्या नळीत बसवला. नंतर त्याचीच साधी चपटी चकती झाली, आपण वायसर म्हणतो तशी. लोंढा आला तरी चकतीच्या पुढं जायचा नाही. विमान कारखान्यात न्यायचीही गरज नव्हती, तळावरच बसवता येत होती. १९४१ च्या सुरुवातीला छोटं पथक घेऊन त्या विमानतळा-विमानतळावर गेल्या आणि चकत्या बसवल्या. हा पूर्ण इलाज नव्हता हेही सांगायला पाहिजे. सुराच्या सुरुवातीची किंचित अडखळ राहिलीच, आणि विमान बराच वेळ उलटं ठेवून उडवता येत नव्हतं. वेगळ्या पद्धतीचा कार्बोरेटर नंतर आला. तोवर त्या चकतीवर निभावलं.

वैमानिकांनी तिला नाव दिलं ‘मिस शिलिंगचं भोक’. नावात चावटपणा होता, तो तुम्ही समजून घ्या. त्या तेव्हा मिस नव्हत्याही, १९३८ मध्येच त्यांचं लग्न झालं होतं. नवराही मोटरसायकलींच्या शर्यतीतला. तुम्हीही ब्रुकलँड्सचा सुवर्णतारा मिळवल्याशिवाय मी लग्न करणार नाही, असं त्यांनी त्याला बजावलं होतं म्हणतात. हे खरं का खोटं देव जाणे, पण तारा त्यानंही मिळवला होता.

मी बी.ए.ला दुसरं महायुद्ध शिकले. हिटलर, चर्चिल, स्टालिनग्राड, सगळं लिहिलं पेपरात. वीस गुणांच्या उत्तरात चकती कुठं नव्हती.

आता कुणी म्हणेल, ती इंग्लंडची शिकलेली बाई, आपलं काय? तर आपल्याकडचं सांगते. तमिळनाडूत पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेडवळ बायका सायकल शिकल्या. जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत. त्यांनी बायकांना सायकलीसाठी बँकांची कर्जं मिळवून दिली. १९९२ च्या महिला दिनाला दीड हजारावर बायका घंट्या वाजवत सायकलींवर निघाल्या. लेडीज सायकली पुरत नव्हत्या म्हणून जेंट्स सायकली घेतल्या, आणि काहींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण मधल्या दांडीवर पोर बसवता येतं.

आणि पान्याचंच म्हणाल तर उत्तर प्रदेशातला बांदा जिल्हा. तिथं गावचा हातपंप बिघडला की बाहेरचा मेकॅनिक येईपर्यंत बायका पाण्यासाठी लांब हिंडायच्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला महिला समाख्या कार्यक्रमातून तिथल्या दलित आणि कोल आदिवासी बायकांना पंप दुरुस्ती शिकवली. हा पंप इंडिया मार्क टू, ज्याची मूळ घडण आपल्या सोलापूरच्या पंपावरून घेतलेली. त्यातल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. त्या जमिनीतून लोखंडी पाइप वर ओढून काढायच्या, वायसर बदलायच्या. आणि मग त्यांनीच मागणी केली, की आम्हाला लिहायला शिकवा, सुट्या भागांची नोंद ठेवायचीय. आपण समजतो आधी अक्षर आणि मग हत्यार. तिथं उलटं झालं.

आमच्याकडं आता महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाच जणी जमतो, ग्रामपंचायतीच्या मागच्या लिंबाखाली. दोन स्कुट्या, तीन जुन्या मोटरसायकली. हत्यारं गटाच्या पैशातून घेतली, १,१०० रुपयांत भागलं. गाडी गार असताना मधल्या स्टँडवर उभी करायची, ऑईलची काडी पुसून आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि दोन खुणांच्या मध्ये ऑईल आहे का बघायचं. चेन बोटानं वर-खाली करून बघायची, दोन-तीन सेंटिमीटर हलली तर ठीक. एअर फिल्टरची धूळ झटकायची. आमच्या रस्त्यांवर पुस्तिकेत लिहिलंय त्याच्या निम्म्या वेळात तो भरतो. प्लग काढून रंग बघायचा. विटकरी-तपकिरी असेल तर इंजिन खुशीत आहे. काळा कुळकुळीत असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा हवा कमी. ब्रेकचं आतलं काम, इंजिन खोलणं, हे आम्ही करत नाही. ते आजोबांकडंच. एकदा एकीनं प्लग वाकडा धरून नेट लावून फिरवला, इंजिनाचे आटे गेले आणि ४०० रुपये भरले. तेव्हापासून प्लग आधी हातानं फिरवायचा आणि पाना शेवटी लावायचा, असा नियम आहे.

बघायला पोरं जमतात, पुरुष थोडे लांबून बघतात. दीर परवा त्यांची गाडी घेऊन आले. “ती हलकी फुरफुरतीय, बघता का जरा,” म्हणाले. बघितली. एअर फिल्टर होता.

मागच्या रविवारी काम करता करता मी शिलिंगबाईंची ही गोष्ट सांगितली. आमच्या गटातल्या एक आजी, वय सत्तरीच्या पुढं, गाडीवर कधी बसलेल्या नाहीत, नुसत्या सावलीला येतात. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तिला गाडी घेऊन कुणी दिली गं?”

मी म्हटलं, “तिनंच घेतली, आजी. चौदाव्या वर्षी.”

“मग बराबर हाय,” म्हणाल्या, आणि माझ्या हातातला प्लग मागून घेऊन त्यांनी उजेडाकडं धरला.